पाणी सोडायला

अण्णा महापालिकेच्या पाणी खात्यात चावीवाले होते. मुंबईबाहेरच्या माणसाला हा शब्द उलगडून सांगावा लागतो. रस्त्यात एखादं लोखंडी झाकण असतं, त्याखाली खड्ड्यात व्हॉल्व्ह असतो. ठरलेल्या वेळी तो उघडून त्या भागाला पाणी सोडायचं आणि वेळ झाली की बंद करायचा, हे काम करणारा तो चावीवाला. चावी म्हणजे छातीएवढ्या उंचीची, वर आडवी मूठ असलेली लोखंडी दांडी. पहाटे साडेतीनला अण्णा उठायचे, काळा चहा घ्यायचे आणि "पाणी सोडायला जातो गं" एवढं आईला सांगून निघायचे. मी लहानपणी दोन-तीनदा त्यांच्याबरोबर गेलेय. चावी व्हॉल्व्हवर बसवली की ते लगेच फिरवत नसत. आधी वाकून आडव्या मुठीला कान लावायचे. रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. मग म्हणायचे, "आलंय." पाणी कुठवर आलंय, किती जोराने आलंय, हे त्यांना त्या लोखंडातून कळायचं.

पाणी सोडणं या शब्दांना आपल्याकडे आणखीही अर्थ आहेत. एखाद्या गोष्टीवरचा हक्क गेला की आपण तिच्यावर पाणी सोडतो. पितृपक्षात तीळ घालून पितरांना पाणी सोडतो. अण्णा गेले त्या वर्षी भावाने तर्पण केलं, मी बाजूला उभी होते. भटजी "पाणी सोडा" म्हणाले आणि मला रस्त्यातलं ते झाकण, पहाटेचा पिवळा दिवा आणि लोखंडाला कान लावलेले अण्णा दिसले. तेव्हापासून त्यांच्या तिथीनंतरचा रविवार मी या चक्करेसाठी ठेवते. पवईहून निघायचं, विहार तलावाच्या कडेने आरेच्या रानात शिरायचं, छोटा काश्मीर नावाच्या बागेला वळसा घालून पुन्हा पवईला यायचं. १५-१६ किलोमीटर होतात. सकाळी साडेसहाला निघालं की रेंगाळत, बसत, खात दुपार कलताना परत.

ही चक्कर मुळात त्यांचीच. मी पाचवीत असताना शाळेत 'पाण्याचा प्रवास' असा निबंध दिला होता. मी लिहिलं की पाणी चाळीच्या गच्चीवरच्या टाकीतून निघतं आणि नळात येतं. अण्णांनी तो वाचला, वही मिटली आणि पुढच्या साप्ताहिक सुट्टीला मला घेऊन निघाले. रागावले नव्हते. मात्र आपल्या मुलीला पाणी गच्चीवर उगवतं असं वाटतं, हे त्यांना लागलं असावं.

यंदा भाचा बरोबर होता. आठवीत आहे. "मावशी, ट्रेक आहे का?" म्हणाला. म्हटलं, चालायचंय, चढ फार नाही, पण पाय दुखतील.

पवईच्या गणेश घाटावर आम्ही पोचलो तेव्हा ऊन अजून पाण्यावर उतरलं नव्हतं. विसर्जन होऊन थोडेच दिवस झालेले. पायऱ्यांच्या कोपऱ्यात झेंडूच्या पाकळ्यांचा चिखल, एक सुटलेला पाट, त्यावर सोनेरी कागद. पुढे हिरवं मैदान पसरल्यासारखी जलपर्णी. भाच्याने काठावरचं एक रोप उपसून वर काढलं. पानाच्या देठाशी लिंबाएवढा फुगवटा, दाबला की स्पंजासारखा दबतो, आणि नखाने चिरला तर आत नुसती हवा भरलेली जाळी. खाली हातभर लांब, काळ्या पिसांसारख्या मुळ्या, त्यांत बारीक गोगलगायी. रोप दिसायला देखणं आहे. जांभळं फुल आलं की लोक फोटो काढतात. पण सांडपाण्यातलं खत मिळालं की ते असं वाढतं की खालच्या पाण्याला ऊन मिळत नाही, हवा मिळत नाही. ज्या तलावावर हिरवी चादर दिसते तो आजारी आहे, हे अण्णांनी मला इथेच सांगितलं होतं. चादरीच्या कडेवर एक कमळपक्षी लांब बोटं पसरून चालत होता, जणू जमिनीवरच. मगरी आहेत म्हणून पाण्यात उतरू नका, असा फलक आहे. मगरी खरोखरच आहेत.

पवईचा तलाव १८९१ चा. मुंबईला पिण्याचं पाणी द्यायला बांधला आणि काही वर्षांतच पाणी पिण्याजोगं नाही म्हणून सोडून द्यावा लागला. ही सगळी जमीन एके काळी फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी गृहस्थांकडे होती, कंपनी सरकारने दिलेली. याच फ्रामजींनी दक्षिण मुंबईत धोबी तलाव स्वखर्चाने दुरुस्त करून घेतला होता. तो तलाव आता नाही, नाव उरलंय. मेट्रो सिनेमाजवळ बसमधून उतरताना "धोबी तलाव" म्हणून ओरडणाऱ्या कंडक्टरला आणि उतरणाऱ्यांना तिथे पाणी होतं हे आठवत नाही. गोवालिया टँक, सी. पी. टँक हीही अशीच कोरडी नावं. जुनी मुंबई अशा तलावांवर आणि विहिरींवर जगायची. नळ आले तसे तलाव डासांचे झाले, मग बुजवले. त्या तलावांची जागा ज्या पाण्याने घेतली, तिकडेच आम्ही चाललो होतो.

तलावाच्या कडेकडेने रस्ता जातो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला सकाळी साडेसातलाच भरधाव गाड्या. काठावर सायकलसाठी मार्ग बांधायला घेतला होता. तलावाच्या पाणथळ भागात भराव टाकणं बेकायदा आहे असं उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं आणि तो काढायला लावला. मला त्या निकालाचा मनापासून आनंद झाला होता. तलावाला कठडा आणि फरशी घातली की तो सुंदर होतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा कमळपक्ष्याची पावलं जवळून पाहावीत. त्याला फरशी नको असते.

पवईच्या धरणापाशी उजवीकडे वळून मोरारजी नगरच्या रस्त्याला लागलं की दहा मिनिटांत गाव बदलतं. मोठी हॉटेलं मागे पडतात, पत्र्याची घरं, रिक्षांची रांग, वडापावची गाडी. पुढे फिल्टरपाडा. नावातच फिल्टर. आम्ही दोन-दोन वडे खाल्ले. गाडीवाल्या काकांनी भाच्याला विचारलं, "शूटिंग बघायला आलात का?" फिल्मसिटी जवळ आहे, सुट्टीच्या दिवशी पाठीला पिशवी लावून इकडे येणारा माणूस त्यासाठीच येणार असं त्यांना वाटलं असेल. भाचा म्हणाला, "विहार तलाव." काका म्हणाले, "तो दिसत नाही."

खरंच दिसत नाही. भिंत, फाटक, प्रवेश बंदचा फलक, आत पहारा. वरचा तुळशी तलाव तर राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात, तिथेही मज्जाव. पिण्याच्या पाण्याचा साठा आहे, बंद ठेवतात ते योग्यच आहे. मला कधी कधी एवढंच वाटतं की वर्षातून एकदा शाळेच्या मुलांना पहाऱ्यात का होईना आत न्यावं. मुंबईच्या मुलांच्या सहली वॉटर पार्कला जातात.

विहारची गोष्ट मी भाच्याला फाटकाबाहेरच्या पारावर बसून सांगितली. १८५० च्या सुमारास मुंबई वाढत होती आणि उन्हाळ्यात विहिरी आटत होत्या. पाण्यासाठी हाल सुरू झाले. हेन्री कॉनीबेअर नावाच्या इंजिनिअरने साष्टी बेटावरच्या या खोऱ्यात नदी अडवायची योजना केली. १८५६ ला काम सुरू झालं आणि १८६० मध्ये पुरं झालं. मुंबईला नळाने आलेलं पहिलं पाणी ते हे. ते पंपाने चढवलेलं नव्हतं, डोंगरातून उताराने समुद्राकडे जात होतं ते नळात घालून शहराकडे वळवलं. मग विहार पुरेना म्हणून वर तुळशी बांधला, १८७९ चा. तोही पुरेना. मग तानसा, वैतरणा, भातसा, लांब लांब. आज मुंबईला रोज साधारण ३,९०० दशलक्ष लिटर पाणी सोडलं जातं. सात तलाव मिळून जेवढं साठतं त्यातलं विहार आणि तुळशीचं दोघांचं मिळून शंभरात अडीच. विहार २७,६९८ दशलक्ष लिटर, तुळशी ८,०४६. दोघांवरच सगळी मुंबई ठेवली तर नऊ दिवसांत कोरडी पडेल. भाच्याने मोबाइलवर भागाकार करून पाहिला आणि मान हलवली.

अण्णांना हे आकडे पाठ होते. पावसाळ्यात रोज पेपरात तलावांची पातळी छापून येते, तो तक्ता ते आधी वाचायचे, मग बाकीच्या बातम्या. "तुळशी भरला" हे ते घरात अशा आवाजात सांगायचे की कुणाकडे मूल झाल्याची बातमी असावी.

फिल्टरपाड्याहून आरेकडे जाताना एक लहान पूल लागतो. खालून जाते ती मिठी नदी. विहार भरला की सांडव्यावरून जे वाहतं त्याची मिठी होते, पुढे पवईचं वाहून आलेलं पाणी तिला मिळतं, आणि जवळपास १८ किलोमीटर जाऊन ती माहीमला समुद्रात शिरते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि ज्या मिठीला लोक नाला म्हणत होते ती नदी आहे हे शहराला त्या रात्री कळलं. अण्णा तेव्हा ड्युटीवर होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले, कमरेपर्यंत चिखल. आंघोळीला बसले आणि तांब्या हातात धरून तसेच बसून राहिले. "काय झालं?" आईने विचारलं. म्हणाले, "मिठीला जागा नाही राहिली." पुढे त्या रात्रीबद्दल ते कधीच बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही.

पुलाच्या वरच्या अंगाला पाणी काळ्या खडकावरून पातळ धारेने येतं. पावसाळा नुकताच सरलेला, तळाचे गोटे दिसत होते. एका गोट्यावर निळा खंड्या. पुलाच्या खालच्या अंगाला वस्तीचं गटार नदीत उतरतं. मी कठड्याला धरून दोन्ही बाजूंना आलटून पालटून पाहिलं. मध्ये पुलाची रुंदी, वीसेक पावलं. एवढ्या अंतरात नदीचा रंग बदलतो आणि वास बदलतो. वस्तीतल्या माणसांना मी दोष देत नाही. मैलापाण्याची नळी त्यांच्या दारापर्यंत कुणी आणलीच नाही तर त्यांनी ते पाणी न्यायचं कुठे? पण दरवर्षी इथे माझा घसा दाटतो. जन्मल्या ठिकाणीच नदीची ही अवस्था.

घरून आणलेली बाटली काढली. सकाळी आमच्या नळाला आलेलं पाणी. वरच्या अंगाला जाऊन ओंजळीत घेतलं आणि सोडलं. मंत्र मला येत नाहीत. अण्णांचं नाव घेतलं, त्यांच्या वडिलांचं घेतलं, पुढचं ठाऊक नव्हतं. भाचा शेजारी उभा होता. त्यानेही हात पुढे केले. मी त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं. तो म्हणाला, "सगळं सोडू?" म्हटलं, सोड.

आरेत शिरलं की हवा बदलते. हे शब्द लोक सहज वापरतात, इथे ते कातडीला कळतं. पुलापलीकडच्या झाडांखाली गेलो आणि मानेवरचा घाम गार झाला. आरेची दूध वसाहत १९४९ ची. शहरातले तबेले बाहेर काढून म्हशींना एका जागी आणायचं, म्हणून हा सगळा डोंगरपट्टा घेतला. युनिटचे आकडे लिहिलेले फलक, तबेले, गवताची कुरणं अजून आहेत. तबेल्यांच्या आधीपासून इथे वारल्यांचे पाडे आहेत. वसाहतीच्या नकाशात ते मागाहून आले एवढंच.

गवत कमरेइतकं, त्यात गुलाबी तेरडा. पायवाटेवर भाचा पुढे होता, तो एकदम थबकला. त्याच्या नाकासमोर वीतभर अंतरावर जाळं होतं. दोन झाडांच्या मध्ये, दाराएवढं. मधोमध कोळ्याची मादी, पाय धरून माझ्या पंजाएवढी, काळ्या अंगावर पिवळे पट्टे. जाळ्याचा धागा साधा पांढरा नव्हता, उन्हात पिवळसर सोन्यासारखा चमकत होता. मी करंगळीने कडेचा एक धागा हलकेच दाबला. ताणलेल्या तारेसारखा तो दबला आणि तुटला नाही. मादीने एक पाय उचलून दुसऱ्या धाग्यावर ठेवला आणि स्थिर झाली. काय आलंय याचा अंदाज घेत होती. भाचा कुजबुजला, "तिला धाग्यातून कळतं?" मला चावीच्या मुठीला लावलेला कान आठवला, पण त्याला म्हटलं फक्त, "हो." आम्ही वाकून जाळ्याखालून गेलो.

एका पाड्यावर दरवर्षी आम्ही थांबतो. तिथल्या काकी पावसाळी भाजी करतात आणि गोरेगावच्या बाजारात नेऊन विकतात. कर्टोली, शिराळी, कुर्डू. यंदा ओट्यावर गावठी काकड्यांचा ढीग. फिकट हिरव्या, पोटाशी पिवळ्या, बोटाने दाबली तर कडक. काकींनी विळीवर एक चिरली, मीठ-मिरची लावून भाच्याच्या हातात दिली. तो एकटाच तीन काकड्यांच्या फोडी खाऊन बसला. घराच्या भिंतीवर पांढऱ्या रंगाने काढलेला तारपा, वारल्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य, आणि त्याभोवती नाचणारी माणसं. वाटेच्या वळणावर वाघोबाचं ठाणं, शेंदूर लावलेलं. बिबट्या येतो का, असं भाच्याने विचारलं तेव्हा काकी म्हणाल्या, "येतो ना. त्याचंच रान हाय. सांज झाली की आपण आपल्या घरात राहावं." त्यांच्या आवाजात भीती नव्हती. वाघबारसेला त्याला नैवेद्य दाखवतात.

पाण्याचं विचारलं. नळ आलाय, म्हणाल्या, पण पाणी कधी येतं कधी नाही, उन्हाळ्यात हंडा घेऊन लांब जावं लागतं. विहार तिथून टेकडीपलीकडे. हे अण्णांच्या वेळेपासून ऐकतेय. पहिल्या खेपेला अण्णा इथे ओट्यावर बसून काकींच्या सासूशी बोलत होते आणि त्यांचा चेहरा उतरलेला होता. मला वाटलं ते दमलेत. परत निघताना मला म्हणाले, "मी शहराला पाणी सोडतो आणि ही बाई तलावाच्या उशाशी बसून तहानलेली." खात्यात जमेल तिथे त्यांनी सांगून पाहिलं होतं. चावीवाल्याचं कोण ऐकतं?

पाड्याच्या मागे टेकडी आहे. टेकडीच म्हणायची, दहा-पंधरा मिनिटांत माथा. बेसाल्टचा मुरूम पायाखाली घसरतो, करंज आणि सागाची झाडं, माथ्यावर एक मोठा दगड. त्या दगडावर उभं राहिलं की उत्तरेला कान्हेरीचा डोंगर दिसतो. तिथल्या शंभराहून अधिक लेण्यांमध्ये भिक्षूंनी खडकात कोरलेल्या पोढी, म्हणजे पाण्याच्या टाक्या, आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीपासून याच डोंगरावरचं पावसाचं पाणी पन्हळीने गोळा करून साठवलेलं. कुणी लांबवर नळ नेला नाही, जिथे राहायचं तिथेच पाणी धरलं. आणि पूर्वेला, झाडांच्या शेंड्यांमधून, विहारची एक पट्टी. राखाडी निळी, अगदी अरुंद. वरून घार फिरत होती.

"एवढाच?" भाचा म्हणाला.

"एवढाच दिसतो."

तो बराच वेळ बघत राहिला. मी डबा उघडला. आईने वड्या आणि पोळ्या दिल्या होत्या, आणि दह्यातली भेंडी वेगळी बांधली होती, अण्णांच्या आवडीची. दक्षिणेला बघितलं तर काचेचे मनोरे, त्यांच्या पलीकडे धुरकट आभाळ. उत्तरेला रान. आम्ही बसलो होतो तो दगड या दोन्हींच्या मध्ये. भेंडी आम्ही दोघांनी खाल्ली, थोडी दगडावर ठेवली. कावळा आला, मग दुसरा आला.

पुढची वाट सपाट. छोटा काश्मीरच्या तळ्यात पॅडलच्या होड्या, मुलं, कणसवाला. मला तिथे फार थांबवत नाही, गर्दी असते. पिकनिक पॉइंटहून सीप्झ या उद्योगक्षेत्राच्या दिशेने डांबरी रस्ता. या रस्त्याच्या टोकाला मेट्रोचं कारशेड आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथली दोन हजारांहून अधिक झाडं दोन रात्रींत तोडली. मी मेट्रोने जाते, मला तिची गरज आहे, आणि त्या जागेवरून चालताना मला त्रासही होतो. दोन्ही खरं आहे. ज्या जमिनीत पाऊस मुरून मिठीला मिळायचा त्या जमिनीवर आता काँक्रीट आहे आणि तो पाऊस आता सरळ उतरतो.

जेव्हीएलआरवर, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर, आलो तेव्हा अडीच वाजले होते. ऊन, धूळ, हॉर्न. फूटपाथ मध्येच संपतो. इथे मिठी पुन्हा आडवी येते, सकाळी जिच्यात ओंजळ सोडली तीच. आता काळी, दोन्ही बाजूंना भिंती. भाच्याने कठड्यावरून वाकून पाहिलं आणि नाक धरलं नाही, हे मला जाणवलं. "आपलं पाणी इथून गेलं असेल ना?" म्हणाला. मी हिशेब केला नव्हता. गेलं असेल, म्हटलं. पवईला पोचून बस पकडली तेव्हा तो खिडकीला डोकं टेकून झोपला.

आमच्याकडे संध्याकाळचं पाणी सातला येतं. आईने पिंप धुऊन ठेवलं होतं, नळाखाली कळशी. भाचा हातपाय धुवायचा थांबला होता. नळ उघडा ठेवून आम्ही तिघं मोरीपाशी. आधी नुसती हवा येते, नळ फुसफुसतो, खोकल्यासारखा आवाज करतो. भाचा खाली बसला आणि भिंतीवरून येणाऱ्या नळीला त्याने कान लावला.

"आजी, येतंय," तो म्हणाला.

आईने घड्याळाकडे बघितलं. "सात मिनिटं उशीर," ती म्हणाली आणि कळशी सरळ केली.